बारा व्होल्ट, शंभर अँपिअर

(दृश्य: व्हॅनमधल्या बाकाखाली बसवलेली लिथियम बॅटरी)

या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर कोरडी बोटं ठेवली, तर काहीच होत नाही. झटका तर नाहीच, साध्या झिणझिण्याही येत नाहीत. कोरड्या त्वचेतून विजेला सहजासहजी वाट मिळत नाही, आणि बारा व्होल्टचा जोरही तिथे तोकडा पडतो. पण त्याच दोन टर्मिनलवर चुकून पान्हा आडवा पडला, तर त्यातून हजाराहून जास्त अँपिअर धावू शकतात. ठिणग्या उडतात, लोखंड लाल होतं, पान्हा जागच्या जागी चिकटूनही बसतो.

कॅम्पर व्हॅनच्या बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये भीती शॉकची नाही, आगीची आहे.

(दृश्य: कागदावर आकडेमोड)

हिशेब शाळेतलाच. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२०० वॅटची किटली घरच्या २३० व्होल्टवर पाचेक अँपिअर घेते. तीच व्हॅनमध्ये इन्व्हर्टरवर लावा. आता बॅटरीतून १०० अँपिअर निघतात, आणि इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरलं तर ११० च्या आसपास. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह वीसपट झाला की त्याच वायरमध्ये उष्णता चारशेपट! म्हणून बॅटरी ते इन्व्हर्टर ही वायर करंगळीएवढी जाड दिसते. ३५ चौरस मिलिमीटर, अंतर वाढलं तर ५०. त्यापेक्षा इन्व्हर्टरच बॅटरीजवळ आणावा. लांबचा पल्ला २३० व्होल्टच्या बारीक वायरने गाठावा.

(दृश्य: फ्यूजचा जवळून शॉट)

फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी असतो, असं बहुतेकांना वाटतं. तो असतो वायर वाचवण्यासाठी. त्यामुळे फ्यूज किती अँपिअरचा, हे वायर ठरवते. वायरला जेवढं पेलतं त्याच्या आत, आणि लोड जेवढं ओढतो त्याच्या थोडं वर. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणारे लोक आहेत. त्यांनी खरं तर वायरलाच फ्यूज बनवलेलं असतं, आणि ती वायर लाकडी पॅनेलमागे दडलेली असते.

जागाही महत्त्वाची. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला कोणाचंच संरक्षण नसतं, म्हणून हे अंतर वीतभरापेक्षा जास्त नको. प्रकारही बघावा लागतो. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की काही हजार अँपिअर ओकू शकते. गाड्यांमधला साधा पात्याचा फ्यूज साधारण एक हजार अँपिअरपर्यंतच तोडू शकतो. त्यापुढे आतली तार वितळते, पण ठिणगीचा पूल तसाच पेटता राहू शकतो. मुख्य फ्यूज टी क्लासचा घेतात तो यासाठी. त्याची तोडण्याची क्षमता वीस हजार अँपिअरच्या घरात असते.

(दृश्य: स्विच उघडताना निळसर ठिणगी)

घरातला उरलेला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा ब्रेकर, इथे चालेल का? नाही. घरचा एसी प्रवाह, ५० हर्ट्झ धरले तर, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, आणि त्या क्षणी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसी प्रवाहाला शून्य माहीतच नाही. स्विच, ब्रेकर, सगळं डीसीसाठीच बनवलेलं हवं. काही डीसी ब्रेकरवर प्लस-मायनसच्या खुणा असतात. त्या नीट वाचा, कारण उलटा जोडलेला ब्रेकर ऐन वेळी ठिणगी तोडू शकत नाही.

(दृश्य: हायड्रॉलिक क्रिम्परने, म्हणजे दाबयंत्राने, लग दाबताना)

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो जोडांना. लग म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं. एखाद्या सैल लगमध्ये तीन मिलिओहमचा रोध असेल, तर मल्टिमीटरला तो दिसणारही नाही. पण १०० अँपिअरला तिथे ३० वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालते! हातोडीने ठोकून बसवलेला लग म्हणूनच नको. आणि नुसतं सोल्डरही नको, कारण सोल्डर शोषलेली वायर ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी तिथेच तुटते. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, हवाच. गाडीचा सांगाडा बहुधा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हचं आवरण घासून गेलं की शॉर्ट.

चार्जिंगचं थोडक्यात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, आत धातूचा थर साचून ती कायमची बिघडते. गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावरून, चार्ज करायची, तर मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवा. नाहीतर बॅटरी एवढा प्रवाह ओढते, की इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. सोलर कंट्रोलरला सहसा आधी बॅटरी जोडतात, मग पॅनेल. आणि पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. काम करताना त्यावर जाड कापड टाका.

(दृश्य: इन्व्हर्टरचा सॉकेट)

इथून पुढे मात्र शॉकही जीव घेऊ शकतो. इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, लावायचा. पण इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतील, तर पहिल्या बिघाडाला तो आरसीसीबी उडणारच नाही. त्याचं टेस्ट बटण दाबलं की तो तरीही खटकन उडतो, कारण ते बटण फक्त आतलं यंत्र तपासतं. म्हणून ही जोडणी इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तकात बघावी आणि जाणकार इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावी. एवढं एक काम स्वतःच्या हिमतीवर करू नये.

(दृश्य: थर्मल कॅमेऱ्यात बसबार, म्हणजे अनेक वायरी जोडायची धातूची पट्टी)

सगळं जोडून झालं की मोठ्यात मोठा लोड अर्धा तास चालवा आणि प्रत्येक जोडावर तापमापक धरा. शेजारच्या जोडापेक्षा जो जास्त गरम, तो उघडून पुन्हा बनवा. पहिला लांबचा प्रवास झाला की सगळे नट टॉर्क पान्ह्याने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्ह्याने, पुन्हा तपासा, मेन स्विच बंद करून.