एकाच जनुकाचा धोका स्त्री आणि पुरुष यांना सारखा असतो का?

नमस्कार. स्मृतिभ्रंश झालेल्यांमध्ये जगभर पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या जास्त आहे. ‘बायका जास्त जगतात म्हणून’ हे उत्तर आपण इतक्यांदा ऐकतो, की पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. वय हे मोठे कारण आहेच. पण एकाच वयाच्या स्त्री-पुरुषांना आईवडिलांकडून एकच जनुक मिळाले, तर दोघांचा धोका सारखा असतो का?

हे जनुक म्हणजे १९व्या गुणसूत्रावरचे एपीओई. त्यापासून २९९ अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनते, जे मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करते. या जनुकाची ई-२, ई-३ आणि ई-४ अशी तीन रूपे आहेत. ई-३ आणि ई-४ यांच्यात फरक आहे तो एकाच अमिनो आम्लाचा: ११२व्या जागी सिस्टीनऐवजी आर्जिनिन येते. एवढ्याशा बदलाने प्रथिनाची घडी बदलते आणि मेंदूत अमायलॉइड या चिकट प्रथिनाचे थर साचण्याचा वेग वाढतो. ई-४ आणि अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, यांचा संबंध १९९३मध्ये उघड झाला.

प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, आईकडून एक आणि वडिलांकडून एक. त्यांपैकी ई-४ची एकच प्रत असलेल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त धोका असतो, असे १९९७च्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवले आणि पुढची वीस वर्षे तेच गृहीत धरले गेले. २०१७मध्ये सुमारे ५८,००० लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा चित्र अधिक बारकाईने दिसले. ५५ ते ८५ या संपूर्ण वयोगटात एक प्रत असलेल्या स्त्री-पुरुषांचा धोका जवळपास सारखाच होता. मात्र ६५ ते ७५ या दहा वर्षांत तो स्त्रियांमध्ये स्पष्टपणे जास्त होता. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण वय आणि लिंग न पाहता सांगितलेला ‘ई-४चा धोका’ प्रत्यक्षात कोणाचाच नेमका धोका नसतो.

नेमकी हीच वर्षे का, याविषयी पहिला संशय रजोनिवृत्तीवर जातो. इस्ट्रोजेन मेंदूच्या पेशींना ऊर्जा वापरण्यास मदत करते आणि ते घटल्यावर ई-४चा भार अधिक जाणवत असावा, असा हा तर्क आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही.

दुसरा धागा एक्स गुणसूत्राचा आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात आणि त्यांपैकी एक आकसून जवळजवळ बंद होतो. ‘जवळजवळ’ म्हणायचे कारण असे, की त्यावरची काही जनुके चालूच राहतात. यूएसपी-११ हे त्यांपैकीच एक; त्यापासून त्याच नावाचे विकर (एन्झाइम) बनते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत टाऊ नावाचे प्रथिन साचते. एरवी हे टाऊ निरुपयोगी झाले, की ते टाकाऊ आहे हे दाखवणारी युबिक्विटीन या छोट्या प्रथिनाची खूणचिठ्ठी त्याला चिकटवली जाते. यूएसपी-११ ती चिठ्ठीच काढून टाकते, आणि जे बाहेर जायला हवे होते ते आत साचत राहते. स्त्रियांच्या मेंदूत हे विकर पुरुषांपेक्षा अधिक आढळते. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत टाऊची विकृती असलेल्या उंदरांमधून हे जनुक काढून टाकले, तेव्हा त्याचा फायदा प्रामुख्याने माद्यांना झाला.

इतकी वर्षे हे नजरेआड राहिले, कारण संपूर्ण जनुकसंच धुंडाळणाऱ्या बहुतेक अभ्यासांत एक्स गुणसूत्र वगळलेच जात होते. पुरुषांत एक प्रत आणि स्त्रियांत दोन, त्यातही एक बंद, यामुळे आकडेमोड किचकट होते, हे मान्य. पण ज्या आजारात स्त्रियांची संख्या जास्त आहे, त्याच आजाराचा शोध घेताना एक्स गुणसूत्र बाजूला ठेवले गेले, हे मला फार खटकते.