वेळ मारून नेणारे बेट

(दृश्य: भर दुपार. गावातले चर्च, दोन मनोरे.)

या चर्चच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. एक सव्वाबारा वाजल्याचे सांगते, तर दुसरे पावणेचारवर ठाम आहे. इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेस सुमारे ९३ किलोमीटरवर असलेल्या, जेमतेम ३१६ चौरस किलोमीटरच्या माल्टा या देशात अशा जोड्या बऱ्याच चर्चवर दिसतात आणि त्यांतले दुसरे घड्याळ पुष्कळदा नुसते रंगवलेले असते. प्रार्थनेची नेमकी वेळ सैतानाला कळू नये म्हणून ही तजवीज, असे लोक सांगतात. दोन्ही मनोरे सारखे दिसावेत आणि एका यंत्राचा खर्चही वाचावा, एवढाच हेतू असावा, अशी मला आपली शंका आहे.

त्या सैतानाला इथे ‘शितान’ म्हणतात, पुस्तकाला ‘क्तीब’ आणि जगाला ‘दिन्या’. सिसिलीतल्या जुन्या अरबीतून आलेली माल्टी भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि चर्चमधले कॅथलिक भाविक देवाला ‘अल्ला’ म्हणतात. किताब, दुनिया, सैतान हे शब्द मराठीतही रुळलेले असल्यामुळे, काही कळत नसतानाही सारे कळत असल्याचा भास आपल्याला दिवसभर होत राहतो.

(दृश्य: फेरीबोट. पलीकडे गोझो.)

शेजारच्या गोझो बेटाचे माल्टी नाव ‘आवदेश’. ऐकताना ते कोणालाही आपल्याकडचेच वाटेल. तिथल्या कॅथेड्रलमध्ये शिरून वर पाहावे, तर खोल, उजळ घुमट दिसतो. वेदीच्या दिशेने चार पावले टाकली की तोच घुमट एका अंगाला कलू लागतो, कारण तो घुमट नाहीच. छत सपाट आहे, आणि न बांधलेल्या घुमटाची कसर मेसिनाच्या अंतोनियो मॅन्युएले या चित्रकाराने १७३९ मध्ये रंगांनी भरून काढली. बाहेरून पाहणाऱ्याला ही वस्तुस्थिती लगेच कळते. आम्ही मात्र आधी आत गेलो होतो.

मोस्टा गावातला घुमट खरा आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी, आत अडीचशेहून अधिक माणसे असताना, तो भेदून एक बॉम्ब खाली पडला आणि फुटलाच नाही. तो पाहण्यासाठी आम्ही मोठ्या भक्तिभावाने गेलो, पुष्कळ चित्रण केले, आणि मग कळले की तिथे ठेवलेला बॉम्ब ही प्रतिकृती आहे.

(दृश्य: मार्साश्लॉक बंदर. रविवारचा मासळीबाजार.)

निळ्या, पिवळ्या, तांबड्या, हिरव्या पट्ट्यांच्या या होड्यांना ‘लुत्सू’ म्हणतात. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना कोरून रंगवलेले डोळे समुद्रातल्या संकटांपासून कोळ्यांचे रक्षण करतात, अशी इथली श्रद्धा आहे. त्या टक लावून पाहणाऱ्या डोळ्यांच्या अगदी समोरून एक मांजर टोपलीतला मासा उचलते आणि सावकाश, मागे वळूनही न पाहता, निघून जाते.