लॉवरींचं पान

नमस्कार श्रोतेहो.

अमुक कॉलेजातल्या प्राध्यापकांचं नाव जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आलं, अशी बातमी हल्ली दरवर्षी वाचायला मिळते. पेढे वाटले जातात, आनंदच आहे. पण हे दोन टक्के ठरतात कशावरून? मुख्यतः सायटेशनवरून. एकाच्या संशोधनाच्या पेपरचा आधार दुसऱ्यानं घेतला आणि आपल्या पेपरच्या शेवटी तशी नोंद केली, की पहिल्याच्या खात्यात एक सायटेशन जमा.

मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते. आमच्या प्रयोगशाळेत प्रथिनं मोजायची ती लॉवरी मेथडनं. दूध असो, डाळीचं पाणी असो, रक्त असो. परीक्षानळीत नमुना घ्यायचा, तांब्याचं अल्कली द्रावण घालायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग फोलिन नावाचं पिवळं रसायन घालून लगेच हलवायचं, लगेच बरं का, नाहीतर आकडे चुकतात. अर्ध्या तासात नळ्या निळ्या व्हायच्या. प्रथिन जितकं जास्त, तितका निळा गडद.

प्रबंध लिहिताना संदर्भांच्या यादीत, ही रीत मांडणारा मूळ पेपर म्हणून मी रुबाबात लिहिलं, ‘लॉवरी आणि इतर, १९५१’. सरांनी विचारलं, “हा पेपर वाचलायस?” मी गप्प. दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवला होता. सर म्हणाले, “वाचून ये, मग लिही.”

तो अंक आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून मोठ्या ग्रंथालयात गेले. ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’चा १९३वा खंड मागितला. तिथले मामा म्हणाले, “लॉवरीच ना? शोधायला नको, टेबलावर ठेवा नुसता.” मी ठेवला, आणि तो जाडजूड खंड आपोआप उघडला. पान २६५. बाकीची पानं कोरीकरकरीत, आणि या पानांच्या कडा बोटं लागून लागून तपकिरी झालेल्या. मी तिथंच बसून अकराही पानं वाचली. सायटेशन म्हणजे काय, ते मला त्या कडांनी शिकवलं.

त्या पानावर नावं चार होती. ऑलिव्हर लॉवरी, नीरा रोझब्रो, लुईस फार आणि रोझ रँडल. आपण लग्नपत्रिकेत चुलत आत्यांपासून सगळ्यांची नावं घालतो, आणि इथं तिघांना ‘आणि इतर’ म्हणून मोकळे होतो. मला हे कधीच पटलेलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी चारही नावं पाठ करून घेत असे.

तर या एका पेपरची सायटेशन्स २०१४ साली मोजली, तेव्हा भरली तीन लाखांहून अधिक. पुन्हा सांगते, तीन लाखांहून अधिक. त्या मोजणीत जगात पहिला क्रमांक. आणि लॉवरींनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा काही थोर पेपर नव्हे. खरंच आहे. ती एक हाताशी येणारी, उपयोगाची रीत होती. सायटेशनमधून कळतो तो वापर. पेपर किती लोकांच्या कामी आला, एवढंच.

आता एच-इंडेक्सबद्दल, म्हणजे एकेका संशोधकाचं काम सायटेशन्सवरून जोखणाऱ्या आकड्याबद्दल थोडक्यात. २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. तुमच्या दहा पेपरना प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स असली, आणि अकराव्याला तेवढी नसली, तर तुमचा एच दहा. म्हणजे बघा, एखाद्यानं आयुष्यात फक्त लॉवरींसारखा एकच पेपर लिहिला, तर तीन लाख सायटेशन्स असूनही त्याचा एच भरेल एक!

शिवाय विषयाविषयांत फरक. जीवशास्त्रात माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरमागे संदर्भांची यादी लांबलचक. गणितात एकेका सिद्धतेला वर्षं जातात, वाचणारे मोजके, संदर्भांची यादीही आखूड. हर्शनंच सांगितलं होतं की जीवशास्त्रज्ञांचा एच भौतिकशास्त्रज्ञांपेक्षा जास्त भरतो. म्हणून ती दोन टक्क्यांची यादी करणारेसुद्धा विषयवार गट पाडतात. आणि आपल्याकडे निवड समितीसमोर गणिताचा आणि औषधशास्त्राचा उमेदवार शेजारी बसवून एकाच आकड्यानं जोखतात. मी अशा समितीत बसले आहे. गणिताच्या त्या मुलाचा एच होता चार. मी त्याचे पेपर मागवून घेतले, दोन दिवस बसून वाचले, आणि माझं मत त्याला दिलं.

नमस्कार.