बालांगिगाच्या तीन घंटा

फिलिपिन्समधल्या टाक्लोबानहून निघालं की सान हुआनिको पूल लागतो, दोन किलोमीटरहून थोडा लांब. तो ओलांडला की आपण सामार बेटावर. पुढे दक्षिण किनाऱ्याने, माडांच्या सावलीतून, रस्ता बालांगिगाला पोचतो. माडी इथेही निघते. तिला म्हणतात 'तुबा', आणि खारफुटीची साल घातल्यामुळे ती विटकरी लाल दिसते.

गाव साधंच. एक चौक आणि चौकाशी हे चर्च. या चर्चच्या तीन घंटा तब्बल 117 वर्षं गावात नव्हत्या.

ऑगस्ट 1901. स्पेन गेलं होतं, अमेरिका आली होती आणि सामारच्या डोंगरांत फिलिपिनो जनरल लुकबानचे सैनिक गनिमी काव्यानं लढत होते. त्यांची रसद तोडायला अमेरिकन पायदळाची 74 जणांची तुकडी इथे उतरली. सुरुवातीला गावाशी बरं जमलं. मग तुकडीचा कॅप्टन कॉनेलनं गावाची साफसफाई करायचा हुकूम काढला आणि त्यासाठी पुरुषांना धरून आणलं. ऐंशीएक जण दोन तंबूंत रात्रभर उपाशी कोंबले. एकेक तंबू सोळा माणसांचा! कोयते जप्त झाले, धान्यही गेलं.

28 सप्टेंबरची सकाळ. शिपाई न्याहारीला बसलेले. गावचा पोलीसप्रमुख वालेरियानो अबानादोर पहारेकऱ्याच्या अगदी जवळून गेला आणि जाता जाता त्याची बंदूक हिसकावली. चर्चची घंटा घणघणली. सांगतात, की बायकांच्या कपड्यांत दडून बसलेले पुरुष 'बोलो' घेऊन बाहेर पडले. बोलो म्हणजे कोयताच, पात्याला जरा लांब. 48 अमेरिकन मारले गेले.

दुसऱ्या दिवशी गाव जाळलं गेलं. जनरल जेकब स्मिथनं सामारचं उजाड रान करायला सांगितलं. दहा वर्षांवरच्या, हत्यार उचलू शकेल अशा प्रत्येकाला मारायला सांगितलं. किती माणसं मेली, यावर इतिहासकार आजही भांडतात. स्मिथवर खटला चालला. शिक्षा काय, तर सक्तीची निवृत्ती.

अमेरिकेत 'बालांगिगाचं हत्याकांड' म्हटलं की त्या 48 शिपायांचं, असाच अर्थ घेतला जाई. इथे मात्र 28 सप्टेंबर हा 'बालांगिगा एन्काउंटर' दिवस. आपल्या कानाला या शब्दाचा वास वेगळा येतो. इथे अर्थ चकमक एवढाच.

घंटा विजयचिन्हं म्हणून गेल्या. दोन वायोमिंगच्या लष्करी तळावर, तिसरी त्याच पायदळ रेजिमेंटबरोबर फिरत शेवटी दक्षिण कोरियात. मागण्या झाल्या, पत्रं गेली, वायोमिंगच्या माजी सैनिकांनी विरोध केला. कायदाही आडवा होता, तो अमेरिकन संसदेनं बाजूला सारल्यावर वाट मोकळी झाली.

11 डिसेंबर 2018 ला तिन्ही घंटा विमानानं मनिलात उतरल्या. 15 तारखेला बालांगिगाच्या हवाली झाल्या. तारीख मोठी सोयीची. 16 डिसेंबरपासून फिलिपिन्सभर नाताळाआधीच्या नऊ पहाटमिस्सा, म्हणजे चर्चमधल्या पहाटेच्या प्रार्थना, सुरू होतात, आणि त्यांना लोकांना उठवायचं काम घंटांचंच असतं.