क्रिएटिनिन १.१, मग काळजी कसली?

(ठाण्यात नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी वार्षिक तपासणीची फाइल असेल. क्रिएटिनिनपुढे १.१ असतं, शेजारी छापलेल्या मर्यादेत ते बसतं आणि फाइल कपाटात जाते. आज मला या एका आकड्याबद्दलच बोलायचंय.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. किडनी ते फक्त बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातलं प्रमाण किडनी किती गाळते यावर जसं ठरतं, तसंच अंगात स्नायू किती आहेत यावरही. घोडबंदर रोडच्या जिममध्ये घाम गाळणारा ३० वर्षांचा नातू आणि त्याची ७२ वर्षांची आजी घ्या. दोघांचं क्रिएटिनिन १.१. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात ते घातलं, तर नातवाचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाजे वेग, ९३ च्या आसपास येतो आणि आजीचा ५३. हाच वेग तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर आम्ही त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतो. आणि आजी म्हणतात, ‘माझं सगळं नॉर्मल आहे हो!’

बरं, सूत्राला आजींचं वय कळतं, त्या बाई आहेत हेही कळतं. दंड किती बारीक झालेत ते कळत नाही. तिथे सिस्टॅटिन सी उपयोगी पडतं. हे छोटं प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी बनवतात, म्हणून स्नायू कमी-जास्त असल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. थायरॉइड, स्टेरॉइड, धूम्रपान आणि लठ्ठपणा मात्र त्यालाही चकवतात. त्यामुळे क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही धरून काढलेला ईजीएफआर जास्त भरवशाचा. क्रिएटिनिन ओळखणारी रंगाची प्रक्रिया जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ मॅक्स याफे यांनी १८८६ साली मांडली आणि तिची सुधारित रूपं आजही वापरात आहेत. इतक्या जुन्या पाहुण्याला घराबाहेर काढणं सोपं नसतं!

पण माझा खरा आग्रह लघवीच्या तपासणीसाठी आहे. गाळण्याचा वेग मंदावण्याआधीच गाळणीला इजा झालेली असू शकते आणि मग अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन (प्रोटीन) लघवीत झिरपू लागतं. ‘प्रोटीन निल’ वाचून खूश होऊ नका. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसतच नाही. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागा. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेलं, तर पुन्हा तपासा, कारण ताप किंवा जोराच्या व्यायामानेही ते तात्पुरतं वाढतं. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी हवीच.

एनजीएएल, किम-१ ही नावं तुम्ही वाचली असतील. किडनीच्या नलिकांना अचानक इजा झाली की हे पदार्थ वाढतात. बायपासनंतर किंवा आयसीयूत एनजीएएल काही तासांत वर जातं, क्रिएटिनिनला एक-दोन दिवस लागतात. घरच्या फाइलमध्ये त्यांचं तूर्त काम नाही.

‘आधी कळून उपयोग काय?’ असं मघाशी एका काकांनी विचारलं. २०२० साली डापा-सीकेडी चाचणीचे निष्कर्ष आले. लघवीतून अल्ब्युमिन जाणाऱ्या किडनीरुग्णांमध्ये, मधुमेह असो वा नसो, डापाग्लिफ्लोझिनने किडनीची घसरण मंदावली. मात्र हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो. तो अपेक्षित असतो; रिपोर्ट बघून गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.