वाक्यासारखी बाग लिहिणारा माळी

नमस्कार श्रोतेहो. आज सांगायचं आहे ते लान्सलॉट ब्राऊन या बागकाराबद्दल. १७१६ साली उत्तर इंग्लंडातल्या कर्कहार्ल गावी जन्मला आणि पुढे दीडशेच्या वर मोठ्या जागा त्यानं घडवल्या.

बीबी-का-मकबऱ्याची चारबाग तुम्ही पाहिली असेल. सरळ पाट, दोन्ही अंगांना सारखी झाडं. युरोपातही तेव्हा रेखीव बागांचाच मान होता. ब्राऊननं त्या सरळ रेघा मोडल्या. ब्लेनहाइम या इंग्लंडातल्या महालाच्या आवारात ग्लाइम नदी अडवून तळं केलं, ते असं की नदीच तिथं रुंदावलीय असं वाटावं. माणसाचा हात दिसता कामा नये, हे त्याच्या कामाचं मर्म. पुन्हा सांगतो, हात दिसता कामा नये. तळं झिरपू नये म्हणून चिकणमाती तुडवून बसवायचे. धाब्याची घरं बांधलेल्यांना माती तुडवणं काय असतं ते सांगायला नको.

जाता जाता बोलतो. मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर मे महिन्यात टँकर रिकामा होतो, ते मला अजिबात पटत नाही. तिकडे इंग्लंडात गवत पावसावर वाढतं. आपण लिंब लावावा, करंज लावावा. ब्राऊननंसुद्धा ओक, बीच ही तिथलीच झाडं भरपूर लावली.

आता माझी आवडती गोष्ट. साल १७८२. ब्राऊन हॅम्प्टन कोर्टला राजाचा मुख्य माळी, वय पासष्टीच्या पुढे. हॅना मोर ही लेखिका त्याच्याबरोबर बागेत फिरत होती. लिहिणारी बाई समोर, म्हणून की काय, यानं तिच्याच भाषेत सांगितलं. बोट दाखवून म्हणाला, तिथं मी स्वल्पविराम देतो. पलीकडे जरा ठाम वळण हवं, तिथं अपूर्णविराम. नजर मध्येच अडवायची, तिथं कंस. मग पूर्णविराम, आणि पुढं नवा विषय.

ऐकलंत ना? स्वल्पविराम, अपूर्णविराम, कंस, पूर्णविराम. सगळी बाग एका नजरेत संपवायची नाही. चालणाऱ्यानं कुठं क्षणभर थांबावं, कुठं वळावं, काय झाडांआड राहावं, हे त्यानं आधीच ठरवलेलं. पण चालणाऱ्याला वाटतं, आपण आपल्या मनानंच थांबलो! मोरबाईंनी हे पत्रात लिहून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. पुढच्याच फेब्रुवारीत ब्राऊन वारला.

कडवंचीचे द्राक्षबागायतदार ऐकत असतील, त्यांच्यासाठी एवढं सांगतो: हॅम्प्टन कोर्टला त्याच्या काळात, १७६८ साली, लावलेली काळ्या द्राक्षांची वेल आजही दरवर्षी फळते. नमस्कार.