बारा नंबरचा रस्ता

सकाळचे साडेसात. अमेरिकेच्या यूटा राज्यातलं पँग्विच गाव अजून नीटसं उठलेलं नाही. आमच्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, चहा झालाय, गॅस बंद केलाय, पाण्याची नळी गुंडाळून ठेवलीय. कपाटांच्या कड्याही लावल्यात. एक राहिली, ते नंतर कळलं.

गावाबाहेर पडलं की हायवे 12 सुरू होतो. इथून टोरीपर्यंत जेमतेम 200 किलोमीटर. पण एवढ्यासाठी आम्ही अख्खा दिवस राखून ठेवलाय.

आधी रेड कॅन्यन. रस्ता लाल दगडात कोरलेल्या दोन बोगद्यांतून जातो आणि आत बसलेले सगळे उगाचच माना खाली घालतात. मग ब्राइस कॅन्यन. दिवसा बर्फाचं पाणी भेगांत मुरतं, रात्री गोठून फुगतं आणि दगड फोडतं. हे हजारो सुळके त्यातूनच उभे राहिले. इथे गर्दी फार, आम्ही तासाभरात निघालो.

एस्कलांटे गाव मागे पडलं आणि एका वळणावर समोरची जमीनच खाली गेली. जिकडे बघावं तिकडे फिकट, गुळगुळीत दगड. त्यावरच्या या तिरक्या रेघा जवळून बघा. सुमारे 18-19 कोटी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं. वारा टेकड्यांच्या उतारावर वाळू ओतत गेला, त्या थरांच्या या रेघा. टेकड्या आहेत तशाच दगड झाल्या.

आणि आता हॉगबॅक. डुकराच्या पाठीसारखी अरुंद धार, तिच्यावर दोन पदरी रस्ता. डावीकडे काफ क्रीकची दरी, उजवीकडे बोल्डर क्रीकची. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. गिअर खाली, वेग त्याहून खाली. चालवणाऱ्याला दिसतो फक्त डांबराचा पट्टा, दरी बाकीच्यांच्या वाट्याला. इथेच ती विसरलेली कडी बोलली. कपाट उघडलं, स्टीलचा डबा खाली आला आणि पाव किलो चिवडा थेट पलंगाखाली. कोणी उठलं नाही. उठणार कोण?

पलीकडचं बोल्डर गाव इतकं आडबाजूला, की 1930च्या दशकातही इथलं टपाल खेचरांच्या पाठीवरून यायचं. मंदीच्या त्या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुण पोरांनी इथले रस्ते खोदले. पुढच्या बोल्डर माउंटनवर तर डांबर पोचलं 1985 मध्ये. आज तिथे, जवळजवळ 2,900 मीटरवर, सप्टेंबरअखेरची अस्पेनची झाडं हळदीसारखी पिवळी झालीत.

टोरीला रस्ता संपतो. आम्ही थोडं पुढे, कॅपिटॉल रीफ राष्ट्रीय उद्यानातल्या फ्रूटाला गेलो. लाल कड्यांच्या पायथ्याशी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागा. तो गाव आता नाही, बागा मात्र सांभाळल्यात. झाडावरून सफरचंदं तोडायची, वजनकाट्यावर ठेवायची, पैसे पेटीत टाकायचे. हिशोब बघायला माणूस नाही.

पिशवी आणायला आम्ही विसरलो होतो. चिवड्याचा डबा रिकामाच होता.